वाठारकरांचे सिनेमे, शालननं सांगितले तसे

मंगळवार होता. कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी. नळाचं पाणी येऊन गेलं होतं, पिंप भरून झालं होतं आणि मी गच्चीवर गाद्यांना ऊन देत होतो. फोन वाजला. उंब्रजचे बाळूअण्णा. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत. फोनवर ते आधी हॉर्न दिल्यासारखं खाकरतात, मग बोलतात.

"सर, आपला वाठारकर गेला."

"कधी?"

"पहाटं. टीव्हीवर खाली पट्टी फिरतीया."

मी हातातली गादी उलटी केली, दुसरी बाजू उन्हाला लावली आणि खाली येऊन टीव्ही लावला. भयपट आणि अद्भुतपटांचे ज्येष्ठ दिग्दर्शक अच्युत वाठारकर यांचं निधन. त्याच्या मागोमाग कांद्याचा भाव.

दुपारपर्यंत मला इतके फोन आले, की जणू वाठारकर माझे सख्खे चुलते होते. जुने विद्यार्थी, डेपोतली मंडळी, दिवाळी अंकाचे एक संपादक. प्रत्येकजण आधी माझं सांत्वन करायचा आणि मग एक किस्सा सांगायचा.

माझी बायको शालन गेल्या दिवाळीच्या आधी गेली. तेव्हापासून माझ्यासमोर कुणी तिचं नाव घेत नव्हतं. लोक जपून बोलायचे. पाऊस, शुगर, रस्त्याचं काम. वाठारकर गेले आणि सगळ्यांना एकदम वाट मोकळी झाली. कारण आमच्यात वाठारकरांचा कुठलाही किस्सा शालनशिवाय पुरा होत नाही.

किस्से बसच्या सीटखालच्या शेंगांच्या टरफलांसारखे साठतात. खाताना कुणाचं लक्ष नसतं. गाडी डेपोत येऊन रिकामी झाली, की मग दिसतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. वाठारकरांचा जाणकार म्हणून सातारा-सांगलीकडे माझं नाव आहे. त्यांच्यावर मी लेख लिहिलेत, भाषणं केलीत. पण त्यांचा एकही सिनेमा मी पूर्ण पाहिलेला नाही. भीतीची जागा आली की माझे डोळे मिटलेले असत. तिथं काय घडलं ते शालन माझ्या कानात सांगायची. माझ्याकडे वाठारकरांचे जे सिनेमे आहेत ते सगळे असे, तिनं सांगितलेले. तिच्या आवाजातलं माझ्याकडे दुसरं फारसं काही उरलेलं नाही. आणि त्यातलं खरं किती, हे मला ठाऊक नाही.

*

शालन म्हसवडची. मेंढपाळाच्या घरातली, आणि घरातली पहिली नोकरदार. एसटीत कंडक्टर. मी सांगलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आत्यानं विचारलं होतं, की घरात तिकीट कोण काढणार.

लग्नानंतरचा पहिला सिनेमा आम्ही कऱ्हाडला पाहिला. दुपारचा खेळ. विहिरीत पडलेल्या नव्या नवरीचा सिनेमा. शालन सिनेमांची नावं कधी घेत नसे. विहिरीचा, मेंढरांचा, घोड्याचा, असंच म्हणायची. मीही तसंच म्हणतो.

तर विहिरीतून हात वर आला आणि मी ओरडलो. नुसता ओरडलो नाही, आधाराला म्हणून समोरच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरची टोपी घट्ट धरली. म्हातारा सावकाश मागं वळला आणि म्हणाला, "पावनं, आधी टोपी द्या, मग वरडा."

शालन इंटर्व्हलपर्यंत हसत होती. इंटर्व्हलमध्ये वडा खाऊन झाल्यावर तिनं माझं मनगट हातात घेतलं.

"हे बघा. एक टिचकी मारली की डोळं मिटायचं. दोन मारल्या की उघडायचं."

"हे काय आता?"

"सिंगल बेल थांबा, डबल बेल चला. एवढ्यावर आख्खी एसटी चालतीया. तुमी चालणार न्हाई व्हय?"

मी चाललो. पुढं सगळी वर्षं तसाच चाललो. सिंगल बेल आणि डबल बेल यांच्या मधल्या अंधारात ती सांगत राहायची. "आता ती जिन्यावर हाय. केस मोकळं हायती. पाय न्हाई दिसत. घाबरू नका, ती तुमच्याकडं बघत न्हाई."

*

पुढं आमचं एक मंडळच झालं. मी, शालन, तिच्या गाडीचे ड्रायव्हर बाळूअण्णा आणि मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी शीतल चौगुले. शीतलच्या गोदामाच्या मागच्या खोलीत मोठा टीव्ही होता. रविवारी दुपारी आम्ही तिथं जमायचो आणि वाठारकरांचा एखादा सिनेमा लावायचो. परत परत तेच सिनेमे. बाहेर पडताना आमच्या सगळ्यांच्या कपड्यांवर हळद. शेजारच्या बाई शालनला विचारायच्या, आज कुणाचं लग्न होतं?

शीतल जैन, आणि पक्का पाळणारा. सूर्यास्ताच्या आत जेवणार म्हणजे जेवणार. त्यामुळे आमच्याकडची भुतं उन्हं उतरायच्या आत आटपायची. भर दुपारी, पत्र्याखाली, पंखा फुल्ल सोडून, घाम पुसत भयपट बघणारं असं मंडळ महाराष्ट्रात दुसरं नसेल.

शीतलला भुताची भीती अजिबात नव्हती. पण गावदेवीपुढं कोंबडं कापायचा प्रसंग आला की तो उठून गोदामात जायचा. एकदा बाळूअण्णांनी त्याला अडवलं.

"शीतलशेठ, मगा माणसं मेली तवा बसला हुतासा की निवांत."

शीतल म्हणाला, "माणसं खोटी मेल्याती ओ. कोंबडं खरं मेलं असंल."

शालननं सिनेमा थांबवला, तो परत येईपर्यंत.

*

वाठारकरांनी मधे काही अद्भुतपट काढले. त्यातला एक उडत्या घोड्याचा. मेढ्याच्या डोंगरात कुठंतरी शूटिंग केलेलं. धुकं खरं, घोडा रबराचा. मला घोडा तेवढा डोळे उघडे ठेवून पाहता आला, कारण त्याची भीती वाटावी असं काही नव्हतं. दया येत होती.

घोडा दरीवरून निघाला आणि शीतल म्हणाला, "वहिनी, तार दिसती ओ."

"दिसू द्या."

"अशी कशी दिसू द्या? घोडा तारंवर लोंबतोय."

शालननं टीव्हीवरची नजर काढली नाही. ती म्हणाली, "आमच्या गाडीच्या बेलची दोरी तुटल्यापास्नं तार बांधलीया. ती बी दिसती. गाडी साताऱ्याला पोचती का न्हाई?"

"पोचती."

"मग."

घोडा पलीकडं पोचला. उतरताना त्याचा एक पाय दुमडला आणि तसाच राहिला.

वाठारकरांच्या अद्भुतपटांबद्दल मी पुढं एक लांबलचक लेख लिहिला. कल्पनेच्या प्रदेशात विश्वसनीयतेचा प्रश्न, वगैरे. त्यात या तारेच्या मुद्द्यापलीकडं काही नव्हतं. शालननं लेख वाचला आणि विचारलं, "एवढं का लिवलंय? मोजून पैसं देत्यात व्हय?"

*

म्हसवडला सिद्धनाथाच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. एका वर्षी तिथं वाठारकरांचा मेंढरांचा सिनेमा लागला. मेलेला मेंढपाळ माळावर अजून कळप घेऊन हिंडतो, अशी गोष्ट. संध्याकाळच्या पहिल्या खेळाला आम्ही शालनच्या आईला घेऊन गेलो. त्यांना मी मामी म्हणतो. मामी आयुष्यात पहिल्यांदाच सिनेमा बघत होत्या.

सिंगल बेल झाली, मी डोळे मिटले. एका कानात शालन. "त्यो आला. त्याला तोंडच न्हाई." दुसऱ्या कानात मामी. "डावीकडची लंगडतीया. कुणी बघंना."

शालन म्हणायची, "आता त्यो लेकराकडं वळलाय." मामी म्हणायच्या, "दोन कोकरं मागं ऱ्हायली."

तंबूत बायका किंचाळत होत्या, कुणाचं तरी लेकरू रडत होतं आणि माझ्या डाव्या कानात मेंढरांची हजेरी चालू होती.

सिनेमा सुटल्यावर शालननं विचारलं, "आय, भ्या वाटलं का?"

मामींनी थोडा विचार केला. "धनगर मेला ते कळलं. पर रोज कळप घराकडं त्योच न्यायचा न्हवं? आता त्येला मांत्रिकानं घालीवला. मग उद्यापास्नं मेंढरं कोण नील?"

घरी पोचल्यावर शालन म्हणाली, "आयला बराबर कळलं. बाकीच्यांची भुतं नुसती बोंबलत हिंडत्यात. ह्या वाठारकरची भुतं ऱ्हायलेलं काम कराय येत्यात. काम झालं की जात्यात. कुणाला तरास न्हाई."

वाठारकरांबद्दल तिचं एवढंच मत होतं. बाकी सगळं मी त्यावर चढवलेलं.

*

हा किस्सा बाळूअण्णांचा. मी तिथं नव्हतो.

वाठारकरांनी एकदा सुडाचा सिनेमा काढला. भूत येतं, ज्यांनी मारलं त्यांना शोधून शोधून मारतं. सिनेमा धो धो चालला. शालनला तो अजिबात आवडला नव्हता. गोदामात सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, "हे भूत न्हाई. हा केस कराय आलेला माणूस हाय."

त्यानंतर काही महिन्यांनी तिची सांगली-सातारा गाडी उंब्रजच्या स्टॉपवर थांबली आणि काळा चष्मा लावलेला एक उंच माणूस चढला. हायवेला त्याची मोटार बंद पडली होती. बाळूअण्णांनी आरशात बघून ओळखलं आणि गियर टाकायचंच विसरले.

शालननं त्याला तिकीट दिलं. पुढच्या सीटवरचं तिकीट दिलं. त्याच्या मागचं दिलं. मग परत आली आणि दांडीला धरून उभी राहिली.

"तुमीच का वाठारकर?"

"हो."

"त्यो सुडाचा सिनेमा का काढलासा?"

वाठारकरांनी चष्मा काढला. इकडंतिकडं पाहिलं. गाडी भरलेली, उतरायला जागा नाही. त्यांनी सांगितलं, की बाई, तुमचं खरं आहे, मलाही तो नको होता. पण निर्माता ऐकेना. त्याला सूडच पाहिजे होता.

शालन म्हणाली, "मग निर्मात्याच्या घरी भूत पाठवायचं व्हतं. आमच्याकडं कशाला पाठवलंसा?"

बाळूअण्णा सांगतात, की साताऱ्यापर्यंत वाठारकर खिडकीबाहेर बघत हसत होते. उतरताना त्यांनी तिचं नाव विचारलं. शालननं छातीवरच्या बिल्ल्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "ह्यो नंबर हाय. तक्रार करायची आसंल तर एवढा पुरतो."

*

माझी फजिती साताऱ्यात झाली. वाठारकरांचा सत्कार होता. अभ्यासक म्हणून मला भाषणाला बोलावलं होतं. व्यासपीठावर माझ्या शेजारी खुद्द वाठारकर, समोर भरलेलं सभागृह, पहिल्या रांगेत शालन, शीतल आणि बाळूअण्णा.

मी विहिरीच्या सिनेमाच्या शेवटावर बोललो. मला तो शेवट तोंडपाठ होता. नवरी विहिरीतून वर येते. ओल्या पावलांनी घरात जाते. चुलीवर दूध उतू चाललेलं असतं, ते उतरवून ठेवते. लेकराच्या अंगावरची वाकळ नीट करते. मग आपली आपण विहिरीकडं परत जाते. मी म्हणालो, की मराठी भयपटात एवढा कोवळा शेवट दुसरा नाही. माझा आवाजही थोडा कापला.

सभागृह गप्प होतं. मला वाटलं, भारावलंय.

खाली बसलो तेव्हा वाठारकर माझ्या कानाशी वाकले आणि अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "सर, आमच्या सिनेमात दूध नाही हो."

मी समोर पाहिलं. शालन छताचा पंखा बघत होती. शीतल आणि बाळूअण्णांनी माना खाली घातल्या होत्या. त्या दोघांना सगळं आधीपासून माहीत होतं, हे त्यांच्या टकलांवरूनच कळत होतं.

त्या सिनेमाच्या शेवटी, हे मग वाठारकरांनीच सांगितलं, गाव जमतं आणि विहीर दगडांनी बुजवतं. ती आत असताना. शेवटचा दगड नवरा टाकतो.

सांगलीला परतताना गाडीत मी शालनला एवढंच विचारलं, की का.

ती खिडकीकडं बघत म्हणाली, "तिथं लय वाईट व्हतं. तुमी डोळं मिटून बसला हुतासा. म्या जरा नीट केलं."

"बाकीच्या सिनेमांतही?"

"आता ते काय धेनात हाय माझ्या?"

मी पुढं विचारलं नाही. पुढच्या सिनेमालाही तिनं टिचकी मारली, मी डोळे मिटले, ती सांगत राहिली आणि मी ते लिहीत राहिलो. माझ्या त्या लेखांना एका समीक्षकांनी ‘पर्यायी वाचन’ म्हटलं. शालनला मी त्याचा अर्थ समजावून सांगितला. तिला तो शब्द आवडला. भाजीत मीठ कमी पडलं, की म्हणायची, आज पर्यायी वाचन हाय.

*

शालन गेल्यावर शीतलनं बरेच दिवस टीव्ही झाकून ठेवला होता. मग एका रविवारी तो आणि बाळूअण्णा मला घरून घेऊन गेले. म्हणाले, बसू नुसतं. बसल्यावर शीतलनं जिन्यावरच्या बाईचा सिनेमा लावला, कारण तो सगळ्यांचा पाठ होता. माझ्या उजव्या हाताची खुर्ची मोकळी ठेवली होती. बाळूअण्णा थोडा वेळ उभे राहिले आणि मग तिथंच बसले. त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर मधल्या काळात हळदीची पोती चढली होती.

जिना आला. मी सवयीनं डोळे मिटले.

मिटले आणि बसून राहिलो. आवाज ऐकू येत होते. पैंजण, दार, कुत्रं. मंडळातले दोघं माझ्याकडं बघतायत हे कळत होतं. शीतलला राहवेना. त्यानं सांगायला सुरुवात केली. "बाई आली." मग बराच वेळ काही नाही. मग, "बाई गेली." मग म्हणाला, "सर, मला असलं जमत न्हाई ओ," आणि रिमोट खाली ठेवला.

मी मनगट बाळूअण्णांच्या बाजूला तसंच ठेवलं होतं. मुद्दाम नाही. तिथंच असायचं ते.

बाळूअण्णांनी ते पाहिलं असणार. ते खाकरले. म्हणाले, "न्हाई सर. बेल कंडक्टरनं द्यायची असती. ड्रायव्हरनं न्हाई देत."

मी म्हटलं, "अण्णा, कुणीतरी द्यायला पाहिजे ना."

"तसं गाडी न्हाई चालत," ते म्हणाले.

सिनेमा संपेपर्यंत मी डोळे मिटूनच होतो. नंतर शीतलनं खिडकी उघडली आणि मी उठलो. त्यानंतर आम्ही जमलो नाही.

*

वाठारकर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी शीतल घरी आला. म्हणाला, त्यांचे सगळे सिनेमे ओळीनं लावू, श्रद्धांजली म्हणून, यार्डातली माणसंही बोलावू, तुम्ही दर सिनेमाआधी बोला. मी विचारलं, काय बोलू? विहिरीतलं दूध खोटं निघालं. मेंढरांच्या शेवटी मेंढपाळ लेकराच्या हातात काठी देतो, ते खरं की खोटं? जिन्यावरची बाई जाताना देवघरातली समई मोठी करते, ते? शीतलनं सगळे सिनेमे उघड्या डोळ्यांनी पाहिलेत. तो एका शब्दात सांगू शकला असता. त्यानं तोंडही उघडलं, पण मी हात वर केला.

काढणारा गेला, सांगणारी गेली. आता मी डोळे उघडले तर सिनेमे मिळतील. माझ्याकडं जे आहे ते जाईल. एवढा साधा हिशेब आहे आणि रात्रंदिवस मी त्यातच आहे. शीतलला मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. तो चहा न घेता गेला. सूर्यास्त व्हायला आला होता.

*

आता वाठारकरांच्या शेवटच्या सिनेमाचा किस्सा.

तो लागला तेव्हा शालनची औषधं सुरू होती. केस गेले होते. डोक्याला स्कार्फ, तोंडाला मास्क. मी म्हणत होतो, घरी बघू नंतर कधीतरी. ती म्हणाली, "नंतर कवा?" आम्ही चौघं सांगलीतच दुपारच्या खेळाला गेलो. थिएटरमध्ये माणसं थोडी होती.

सुरुवात मी पाहिली. माळावरचं एकटं घर. त्यात एक म्हातारी होत आलेली बाई. ती रोज संध्याकाळी दोन ताटं वाढते, एकात जेवते आणि दुसरं झाकून ठेवते. भीतीचं काही नाही. गाणं नाही. बराच वेळ ती बाई फक्त घरातली कामं करते. शालन पुढं वाकून बघत होती. मग एका संध्याकाळी दाराची कडी वाजली. बाई हातातलं झाकण खाली ठेवून उठली.

मनगटावर एक टिचकी. मी डोळे मिटले.

दार उघडल्याचा आवाज आला. शालन काही बोलली नाही. भांड्याचा आवाज आला. कुणीतरी हसलं किंवा रडलं, कळलं नाही. ती बोलली नाही. मग बराच वेळ पडद्यावरून कसलाच आवाज नव्हता. तिची बोटं माझ्या मनगटावरच होती. मी वाट बघत होतो. पलीकडं बाळूअण्णांनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. मी कान तिच्याकडं केला. तिचा श्वास मास्कमधून येत होता, एवढंच.

पापण्यांवर उजेड आला. खुर्च्या वाजल्या. माणसं उठली.

शालन म्हणाली, "उठा. झाडाय आल्यात."

बाहेर तिनं भडंग घेतलं. तिखट बंद होतं तिला, तरी घेतलं आणि खाल्लं. मी विचारलं, काय झालं शेवटी? ती म्हणाली, "सांगती की. घाई काय हाय?"

मी परत परत विचारलं. घरी विचारलं, दवाखान्याच्या रिक्षेत विचारलं. ती दर वेळी तेच म्हणायची. शीतलला विचारलं, तर तो तराजू पुसायला लागला. बाळूअण्णांना विचारलं. ते म्हणाले, "बाईंनी सांगितलंय, तुमास्नी न्हाई सांगायचं. बाई सांगत्याल तवा सांगत्याल."

शेवटी ती मिरजेच्या दवाखान्यात होती. एका दुपारी उठून बसली आणि एकेक काम बोलून दाखवायला लागली. युनिफॉर्म डेपोत जमा केला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. गॅस माझ्या नावावर झाला. मसाला कुठल्या डब्यात आहे, पिंपाची चावी कशी बंद होते, सगळं सांगून झालं. मग उशीला टेकली.

"झालं. माझं काय बी ऱ्हायलं न्हाई. म्या काय येणार न्हाई बरं का. उगं वाट बघत बसू नका."

मी म्हणालो, "शेवट सांगायचा राहिलाय."

ती सलाईनच्या बाटलीकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं.

"ऱ्हाऊ द्या की तेवढं एक," ती म्हणाली.

तो सिनेमा आता फोनवर बघता येतो. शीतलनं लिंक पाठवून ठेवली आहे. मी तो पाहिलेला नाही.